बेचाळीस पत्रांची पोचपावती

एकतीस वर्षं मी पाणीपुरवठा कार्यालयात जावक कारकून होते. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर क्रमांक घालायचा, तो वहीत चढवायचा आणि कागद ट्रेमध्ये ठेवायचा, हे माझं काम. संध्याकाळी साहेब एकदा ट्रे चाळायचे, एखादा कागद नकोसा वाटला तर काढून घ्यायचे. त्यांनी मान हलवल्याशिवाय शिपाई ट्रेला हात लावायचा नाही. आणि गेलेल्या कागदाची पोचपावती आली नाही, तर मी समोरच्या कार्यालयाला सळो की पळो करून सोडायची. माझ्या मागे मला 'पोचपावतीबाई' म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती.

निवृत्त झाले त्या वर्षी मुलाने त्याचा जुना संगणक माझ्या खोलीत आणून ठेवला. त्यात ईमेलचा एक प्रोग्राम होता. मुलाने माझं नाव घातलं, काहीतरी पत्ता घातला, आणि जोडणी अर्धवट टाकून उठला. "राहिलेलं नंतर करतो," म्हणाला. माझ्या मुलाचं 'नंतर' आठ वर्षांचं असतं.

मला मात्र तो प्रोग्राम तसाच आवडला. अक्षरं मोठी, दहाही बोटांनी टाइप करता येतं, आणि लिहून झाल्यावर 'पाठवा' दाबलं की पत्र कुठेही जात नाही. ते डाव्या बाजूला जावकच्या पेटीत जाऊन पडतं. मी मनात म्हटलं, हा आपला ट्रे. इथे मान हलवणारे साहेब नाहीत, तेव्हा हे कागद जन्मात हलायचे नाहीत. अशी खात्री असली की माणूस मनातलं सगळं लिहितो. मी आठ वर्षांत एकेचाळीस पत्रं लिहिली, सगळी बारकीला, तिच्या ईमेलच्या पत्त्यावर.

बारकी म्हणजे माझी धाकटी बहीण. आमची आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं मी केलं. बारकी चार दिवस आली आणि पाचव्या दिवशी नोकरीचं कारण सांगून गेली. त्यानंतर आठव्या दिवशी आई गेली. दिवस-वार संपल्यावर दारात उभ्या असलेल्या बारकीला मी म्हटलं, "आता कशाला येतेस? आता इथे तुझं कोण आहे?" ती छत्रीसुद्धा न घेता उतरून गेली. त्यानंतर आठ वर्षं आम्ही एकमेकींना फोन केला नाही. दोघीही एकाच आईच्या, तेव्हा हट्टाला कमी कोणीच नव्हतं.

पत्रांवर मी क्रमांक घालायची. विषयाच्या जागी जा.क्र. १, जा.क्र. २, असं. आणि प्रत्येक पत्राला पोचपावती मागितल्याची खूण करायची. न जाणाऱ्या पत्राला पोचपावती कशाला, असं कोणी विचारेल. सवय. हात आपोआप त्या चौकोनावर जायचा.

या सोमवारी बारकीचा फोन आला. "ताई, मी," एवढंच म्हणाली, आणि मला खुर्ची शोधावी लागली. तीही आता निवृत्त होत होती. घर आवरून भाचीकडे राहायला निघाली होती आणि वाटेत आमचं गाव लागत होतं. शनिवारी दुपारी तिची बस इथे दोन तास थांबणार होती.

"येऊ का गं?" तिने विचारलं.

ये म्हणायला काय लागतं? पण आठ वर्षांनी तोंडाने ते म्हणणं मला जमेना. शेवटी मी म्हटलं, "लिहून कळवते."

ती हसली. रडत हसली. "कळव. मलाही फोनवर बोलता येत नाही, रडू येतं. माझा ईमेलचा पत्ता तोच आहे. तुझं लेखी उत्तर आल्याशिवाय नाही उतरणार हो मी, पोचपावतीबाई."

आठ वर्षांत मी इतकी हलकी झाले नव्हते. लगेच सुनेला म्हटलं, मला ईमेलची जोडणी करून दे. तरी तिला सवड मिळेपर्यंत गुरुवार उजाडला. माझी सून दंतवैद्याकडे हिशेबनीस आहे, गुरुवारी तिला सुट्टी असते. सकाळी तिने फुकटचं खातं उघडून दिलं.

"आई, इथूनच पाठवा ना. वेबसाइटवरच लिहा, दोन मिनिटांचं काम आहे," ती म्हणाली.

"मला माझा प्रोग्राम हवा."

"अहो, पण त्याच्यात भानगडी फार."

"एकतीस वर्षं भानगडीच निस्तरल्या मी. तू जोड."

तिने एक पान छापून आणलं होतं, ते मांडीवर घेऊन बसली. आधी आवकचा सर्व्हर, मग जावकचा सर्व्हर. हे ऐकून मला बरं वाटलं. निदान नावं तरी ओळखीची होती. मग आकडे, मग पासवर्ड. पासवर्ड घातला की प्रोग्राम म्हणायचा चुकीचा आहे. पाच वेळा घातला, पाचही वेळा चुकीचा. सुनेने पान उलटंसुलटं वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. बाहेरच्या प्रोग्रामला नेहमीचा पासवर्ड चालत नाही म्हणे. खात्यात शिरून त्याच्यासाठी सोळा अक्षरांचा वेगळा पासवर्ड मागून घ्यायचा. तो मागायचा तर आधी फोनवर आकडा येणार. फोन दुसऱ्या खोलीत. तो आणेपर्यंत आकड्याची मुदत संपली.

"फुकटच्या खात्याची केवढी ही मिजास," मी म्हटलं.

या सगळ्यात सुनेची नजर दोनदा जावकच्या पेटीकडे गेली. पेटीच्या नावापुढे ४१ असा आकडा दिसत होता.

"हे काय आहे, आई?"

"काही नाही. जुनी टिपणं आहेत. तू तुझं काम कर." आणि मी माऊस तिच्या हातून काढून घेऊन ती डावी पट्टीच मिटवून टाकली. सुनेने भुवया उंचावल्या. खरं सांगायचं तर मला लाज वाटली. ती पत्रं काय होती हे तेव्हा सांगितलं असतं, तर पुढचं काही घडलं नसतं.

साडेअकराला सोळा अक्षरं बसली. सुनेने आणखी एक सेवा म्हणून पत्र लिहायची खिडकी उघडून दिली. "लिहा आता. पाठवा दाबलं की झालं."

मी लिहिलं, 'बारके, शनिवारी ये. दोन तासांसाठी नको, राहायला ये. खिडकीशेजारचा पलंग तुझा. सामान उतरवून घे, मी थांब्यावर उभी आहे.' विषयाच्या जागी क्रमांक घालणार होते. घातला नाही. नुसतं 'ये' लिहिलं. हात सवयीने पोचपावतीच्या चौकोनाकडे गेला, तेव्हा सून हसली.

"काय हो आई, घरच्या माणसाकडे पोचपावती मागतात का?"

मला ते पटलं. मी हात मागे घेतला आणि 'पाठवा' दाबलं.

एक छोटी खिडकी वर आली. तीत लिहिलं होतं, ४२ पैकी १ पाठवत आहे.

मला कळायला किती वेळ लागला असेल? दोन श्वास. तेवढ्यात ४२ पैकी ९ झालं होतं.

"थांबव!" मी ओरडले. "अगं थांबव ते! ती जायची नाहीत!"

"कोण जायची नाहीत?"

"पत्रं! बंद कर, वायर काढ!"

सुनेने रद्दचं बटण दाबलं, प्रोग्राम जागचा हलेना. ती टेबलाखाली वाकली आणि तिने खरंच वायर उपटली. कोपऱ्यातल्या इंटरनेटच्या डबीचे दिवे विझले. पडद्यावर ४२ पैकी ४२ दिसत होतं आणि त्याखाली 'पूर्ण'. मग ती खिडकी आपोआप मिटली.

माझ्या ट्रेला साहेब नव्हते हे खरं. पण शिपाई होता. आठ वर्षं बिचारा दार उघडायची वाट बघत उभा होता.

मी सुनेला सगळं सांगितलं. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. "त्यात काय लिहिलंय, आई?"

पहिल्या दहांत शिव्या होत्या, माझ्या परीने. स्वार्थी, पळपुटी, आयत्या बिळावरची. त्या मी खाल्ल्या असत्या, तिनेही खाल्ल्या असत्या. मला धास्ती होती सतराव्याची. आई शेवटी शेवटी सगळं विसरायला लागली होती. बारकी चार दिवस येऊन गेली हेही विसरली, आणि रोज विचारायची, "बारकी आली नाही का गं?" मी एकदाही सांगितलं नाही की ती आली होती, तुझे पाय चेपत बसली होती. मी म्हणायची, "नाही आली." आई तेच मनात धरून गेली. हे मी सतराव्या पत्रात लिहिलं होतं, आणि खाली लिहिलं होतं की तुला हीच शिक्षा बरोबर आहे.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी अठरावं लिहिलं होतं. 'काल लिहिलं ते खरं आहे, आणि ते मी केलं याची मला शरम वाटते. मला माफ कर.' त्यानंतरची पत्रं वेगळीच आहेत. तेविसावं तिच्या वाढदिवसाचं, फोनपर्यंत जाऊन परत आले त्याचं. तिसाव्यात तिची निळी छत्री आहे, ती अजून दाराआड आहे. छत्तिसाव्यात माझा गुडघा. 'तुझाही दुखत असेल, आईचाच गुडघा आहे तो.' मला स्वतःलाच माहीत नव्हतं की मी इतकी निवळत गेले होते.

"मग सगळी वाचली तर त्यांना कळेल," सून म्हणाली. "तुम्ही आधी फोन लावा."

लावला. वाजला, तिने उचलला नाही. पुन्हा लावला, तेव्हा बंद होता.

वायर परत जोडली, कारण दुसरं काही सुचेना. बारा वाजून दहा मिनिटांनी आवकच्या पेटीत पहिला कागद आला. जा.क्र. १, वाचले. मागोमाग जा.क्र. २, वाचले.

पोचपावत्या. मीच मागितलेल्या. बारकी तिच्या अर्ध्या रिकाम्या घरात, बांधलेल्या सामानात बसून एकेक उघडत होती आणि माझ्या पडद्यावर एकेक ओळ वाढत होती. जा.क्र. ५. जा.क्र. ६. मी खुर्चीच्या दांड्या धरून बसले होते.

"हे यंत्र आपोआप कळवतं ना?" मी विचारलं.

सून म्हणाली, "नाही, आई. बहुतेक ठिकाणी आधी विचारतं, कळवू की नको? हो म्हटलं तरच पावती येते."

म्हणजे बारकी प्रत्येक शिवी वाचून मला सांगत होती, वाचली. तोंडाने एक शब्द न बोलता. हा स्वभाव मी ओळखते, हा माझाच आहे.

चौदा. पंधरा. सोळा. एकला पाच मिनिटं असताना सतरा आलं. जा.क्र. १७, वाचले.

मग काही नाही.

"वाच गं," मी पडद्याला म्हणत होते. "बारके, एक वाच. पुढचं एकच वाच." सुनेने माझा खांदा धरला. मी फोन लावत होते, तो बंदच होता. अठरावं तिच्यासमोर होतं, चार ओळींचं, आणि ते उघड एवढं सांगायला माझ्याकडे एकही वाट नव्हती. नवीन पत्र लिहिलं असतं तर तेही त्या ढिगातच जाऊन पडलं असतं. तरी लिहिलं. 'अठरावं वाच' एवढंच लिहून पाठवलं. या खेपेला चौकोनावर खूण केली.

एक वाजून वीस मिनिटांनी पेटी भराभर भरली. जा.क्र. १८, न वाचता काढून टाकले. १९, न वाचता काढून टाकले. छत्री, वाढदिवस, गुडघा, सगळं एका मिनिटात खाली सरकत गेलं. जा.क्र. ४१, न वाचता काढून टाकले. सगळ्यात शेवटी 'अठरावं वाच', तेही न वाचता.

सुनेचे डोळे भरले होते. "पण 'ये' कुठाय?" ती म्हणाली. "त्याचं काहीच आलं नाही. आई, बघा, ते काढलेलं नाही! ते राहिलंय!"

मी तिच्याकडे बघत राहिले. मग तिच्याही लक्षात आलं, आणि तिने तोंडावर हात धरला.

"मी म्हणाले," ती पुटपुटली. "मीच म्हणाले ना, मागू नका म्हणून."

"तुझा काय दोष त्यात? बरोबरच बोललीस."

"पुन्हा पाठवूया. फक्त तेवढंच."

"न वाचता टाकायला आणखी एक?" मी म्हटलं. "आणि दुसऱ्यांदा पाठवलेल्या पत्राला स्मरणपत्र म्हणतात. ते चुकलेल्याला पाठवायचं असतं. इथे चुकले कोण?"

आज शनिवार आहे. खिडकीशेजारच्या पलंगावर धुतलेली चादर घातली आहे, छत्री पुसून ठेवली आहे. बस सव्वादोनला येते, मी दीडलाच थांब्यावर जाऊन उभी राहणार आहे, कारण पत्रात तसं लिहिलंय. तिचा फोन अजून बंदच आहे; ते पत्र तिने वाचलं की टाकलं, मला माहीत नाही. एकतीस वर्षांत पोचपावती न मागता मी एकही कागद सोडला नाही. जन्मात एकच सोडला, तो हा.