चतुराबाईला ठाऊक हाय

त्या वस्तीत कुणाचं काही अडलं की एकच वाक्य ऐकू यायचं, "चतुराबाईला ठाऊक हाय." हे वाक्य मोठं सोयीचं होतं. ते एकदा म्हटलं की माणसाला स्वतः काही लक्षात ठेवायची गरज उरत नसे. उडदाच्या पापडात पापडखार किती घालायचा, तुरीच्या डाळीला कीड लागू नये म्हणून काय करायचं, बाळंतिणीला दूध उतरत नसेल तर काय खाऊ घालायचं, सगळं चतुराबाईच्या डोक्यात जमा. पोराला शाळेत घालायचं तर जन्माच्या तारखेची पंचाईत. मास्तर विचारायचा, बाप डोकं खाजवायचा आणि मग दोघंही चतुराबाईच्या ओसरीवर येऊन बसायचे. ती चंची सोडत म्हणायची, "दुष्काळात आमी खडी फोडाया जात होतो, तवा ह्याची माय पोटुशी व्हती. होळीच्या आधी झाला हा. ल्ह्या." मास्तर निमूट लिहून घ्यायचा.

गाव तसं लहान. कुंभार पिंपळगावच्या बाजाराला डोक्यावर टोपली घेऊन चालत जावं आणि चालत यावं, एवढ्या अंतरावरचं. ही वस्ती म्हणजे गावचा बौद्धवाडा. त्याला लागूनच मुसलमानांची पाच-सहा घरं होती आणि त्या घरांतल्या बायकाही काही अडलं की याच ओसरीवर येत.

सत्यशीला चतुराबाईची सून. जाफराबादकडून लग्न होऊन आली तेव्हा तिला धड भाकरी थापता येत नव्हती. जे काही शिकली ते सासूच्या हाताखाली, शिव्या खात शिकली. नवरा देवानंद नव्या कालव्याच्या कामावर होता. तो आठवड्यातून एकदा घरी यायचा, अंगभर माती घेऊन. बाकीचे दिवस घरात दोघीच.

म्हातारी विसरायला लागली हे पहिल्यांदा सत्यशीलाच्याच ध्यानात आलं. आधी मिठाचा डबा हरवायचा, मग चूल पेटवली होती की नव्हती ते. वय झालं की चालायचंच, असं म्हणून तिनं सोडून दिलं. पण एक दिवस शेजारची बेबीनंदा तान्ह्या लेकराला घेऊन आली. लेकरू पोट दुखून कळवळत होतं. चतुराबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "बिब्बा तापव, त्याचं चार थेंब तेल दुधातून दे. जल्दी आराम पडंल."

चुलीपुढं बसलेल्या सत्यशीलाच्या हातातली काटवट तशीच राहिली. बिब्ब्याचं तेल म्हणजे थोरामोठ्यांच्याही अंगावर उततं. तान्ह्याच्या तोंडात गेलं असतं तर जीभ, घसा काही राहिलं नसतं. पण सासू चारचौघांत बोलत असताना सुनेनं मधे तोंड घालायचं, ही त्या घरची रीत नव्हती. ती मागच्या दारानं निघाली, बोळातून पळत गेली आणि बेबीनंदाला तिच्या उंबऱ्यावरच गाठलं. "बिब्बा नको. हिंग पाण्यात कालव आन् बेंबीभवती लाव. आत्याबाई तुझ्या सासऱ्याच्या खोकल्याचं बोलत व्हत्या. त्यांची जरा गडबड झाली."

गडबड झाली, एवढंच म्हणाली. खरं सांगायला जीभ वळेना.

तेव्हापासून तिला हा नवाच उद्योग लागला. ओसरीवर कुणी आलं की कान तिकडं. बाई उठून निघाली की ही मागच्या दारानं बोळात हजर. पापडखार मूठभर नव्हे, चिमटीनं. लोणच्याला पाण्याचा थेंब लावायचा न्हाई, आत्याबाईंचं ऐकून कैऱ्या धुऊन वल्याच भरू नको. हसू यावं असाच प्रकार होता. कधी कधी सत्यशीलालाही हसू यायचं. मग बोळातून परत येता येता रडू यायचं.

म्हातारीला विचारू नका, असं सांगून टाकलं असतं तर एका दिवसात सगळं मिटलं असतं. पण ते सांगायची तिची हिंमत नव्हती. कुणी विचारायला आलं की चतुराबाईचे डोळे उजळत, पाठ ताठ व्हायची, ती पहिल्यासारखी दिसायची. कुणीच आलं नाही त्या दिवशी ती गोधडीचे टाके उसवत बसायची आणि मेलेल्या नवऱ्याला जेवायला हाका मारायची. विचारणारी माणसं, तेवढाच काय तो तिचा टेकू. तो आपल्या हातानं कसा काढायचा?

वस्तीतल्या बायका काही वेड्या नव्हत्या. त्यांना लवकरच कळलं. पण बोललं कुणी नाही. हळूहळू रीतच पडून गेली. आधी ओसरीवर जायचं, "जयभीम" घालायचा, चतुराबाईला विचारायचं, ती सांगेल त्यावर मान डोलवायची आणि मग वळसा घालून मागच्या दाराशी येऊन उभं राहायचं. मालनबाई तर तोंडावर म्हणाली, "पुढं आशीर्वाद, मागं औषध. झकास चाललंय तुमचं." मालनबाईच्या जिभेला हाड नव्हतं, पण मनात खोट नव्हती. तीही पुढच्याच दारानं यायची.

असं वर्षभर निभावलं. मग चैत्रात रहिमुन्निसा आली.

रहिमुन्निसा चाळिशीची, फकरोद्दीन शिंप्याची बायको. चतुराबाईला ती मावशी म्हणायची आणि ते नातं नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. फार वर्षांपूर्वी गावात पटकी आली, माणसं पटापट मरायला लागली, तेव्हा सगळं गाव घरं सोडून पूर्वेच्या रानात खोपी घालून राहिलं होतं. त्या रानातच रहिमुन्निसाची आई अकबरबी गेली. सकाळी भाकरी थापत होती, दुपारी संपली. बाप लालमियाँ कामासाठी हैदराबादला. प्रेत गावाकडं न्यायचं नाही असा वरचा हुकूम. त्या काळी मेल्याची वर्दी द्यायची आणि खड्डा खणायचा, ही दोन्ही कामं बिनबोभाट याच वस्तीच्या गळ्यात असत. चतुराबाईच्या नवऱ्यानं खड्डा खणला, गावातल्या एका म्हाताऱ्या मुल्लानं नमाज पढला आणि चार वर्षांच्या रहिमुन्निसाला कडेवर घेऊन तरणी चतुराबाई तिथं उभी होती. जागा ठाऊक असलेली आता एकटी चतुराबाईच उरली होती. बापानं परतल्यावर जागा पाहिली होती, पण मरण्याआधी लेकीला दाखवली नाही. बाईमाणसानं कबरीवर कशाला जायचं, असं त्याचं मत. शिवाय तोही तेच म्हणायचा, चतुराबाईला ठाऊक हाय.

रहिमुन्निसा ओसरीवर टेकली. तिनं पाणीसुद्धा मागितलं नाही. "मावशी, कालवा आपल्या पूर्वेच्या रानातनं चालला. देवानंदभाऊ सांगून गेले. चुन्याच्या रेघा मारल्यात. मुकादम म्हणतो, जागा दाखवा, माती-हाडं काय निघंल ते उचलून कब्रस्तानात न्या, म्या थांबतो. पर समदं रान उकरायचं म्हटलं तर न्हाई जमणार. दोन दिसांनी मशीन येतंय. माझ्या अम्मीला कुठं ठिवलंय, मावशी?"

चतुराबाईचे डोळे उजळले. "आगं, मला इचार की. बोरीच्या खाली. बांधाच्या वरल्या अंगाला. मी व्हते तिथं."

रहिमुन्निसानं तिचे पाय धरले. मग उठली आणि रीतीप्रमाणं वळसा घालून मागच्या दाराशी आली. सत्यशीला तिथंच उभी होती, भिंतीला हात लावून.

"सत्यशीला, मावशी सांगून राह्यली ते बराबर हाय का?"

ती गोष्ट सत्यशीलानं किती वेळा ऐकली असेल. जात्यावर बसून, शेंगा फोडताना, पावसाळ्यात गोधडी शिवताना. अकबरबीच्या भाकरीला कसा पापुद्रा यायचा, खोपीवर तुराट्या कुणी आणून दिल्या, पोरगी कशी आईच्या पदराला सोडेना, सगळं तिला पाठ होतं. आणि दर वेळी सासू हात करून म्हणायची, "तिथंच पुरली मंग." तिथंच म्हणजे कुठं, हे विचारायचं तिला एकदाही सुचलं नव्हतं. लोणच्याचं विचारलं, बिब्ब्याचं विचारलं, हे नाही विचारलं. सासू होती ना विचारायला.

"आपा," ती म्हणाली, "हे मला न्हाई ठाऊक."

रहिमुन्निसा आणखी जवळ आली. मागच्या दाराशी उत्तर मिळत नाही, असं आजवर झालं नव्हतं. "खोटं तर न्हाई ना बोलत? मला वाईट वाटंल म्हणून?"

"न्हाई आपा. खरंच ठाऊक न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चतुराबाईला रानात नेलं. रान पाहिलं तर तिला आठवेल, अशी सत्यशीलाची आशा. फकरोद्दीन फावडं घेऊन आला. बोर कधीच तोडली गेली होती, बांधही नांगरून सरकलेला. ढेकळांवर चुन्याच्या दोन पांढऱ्या रेघा लांबवर गेल्या होत्या. चतुराबाई मात्र खुशीत होती. कितीतरी दिवसांनी घराबाहेर पडली होती. चालता चालता थांबली आणि काठी टेकून म्हणाली, "हितं."

फकरोद्दीननं बिस्मिल्ला म्हणून खणलं. वर काळी माती, खाली मुरूम. कधी कुणी हात न लावलेला.

"हितं न्हाई, आगं तिकडं. चिचंपाशी." तिथं चिंच नव्हती. तिथंही मुरूमच निघाला. मग ती रेघांच्या पलीकडं गेली, वाकून मातीला हात लावला आणि म्हणाली, "हीच जागा. माझ्या मालकानं खंदली." तेवढ्याच ठामपणानं. फकरोद्दीननं घाम पुसला आणि फावडं खाली ठेवलं. त्याच्यानं पुन्हा खणवेना.

"आत्याबाई, नीट आठवा," सत्यशीला म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "तुमाला ठाऊक हाय. तुमाला समदं ठाऊक असतंय. एवढं एक सांगा मला. एवढंच."

चतुराबाईनं तिच्याकडं घाबरून पाहिलं. मार बसेल असं वाटून लहान पोर पाहतं तसं. सत्यशीलाला स्वतःची शरम वाटली. तिनं सासूच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. यात म्हातारीचा दोष नव्हता. दोष काढायचा तर साऱ्या गावाचा काढावा लागला असता आणि गाव तर आपल्या कामाला गेलं होतं.

लांबून मुकादमानं हात करून विचारलं, सापडलं का? फकरोद्दीननं मान हलवली. मुकादम बरा माणूस होता. तोही खाली बघत दुसरीकडं गेला.

"हितवर आलोच तर फातेहा तरी पढते," रहिमुन्निसा म्हणाली. तिनं डोक्यावर पदर घेतला, दोन्ही हात पुढं धरले आणि तशीच थांबली. मेलेल्यासाठीची ही दुआ कबरीकडं तोंड करून पढतात. तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. चहूकडं सारखीच ढेकळं.

"सत्यशीला," तिनं हळूच विचारलं, "तोंड कुणीकडं करून उभी राहू?"

सगळ्या वस्तीला मागच्या दारानं उत्तरं देणारी सत्यशीला नांगरल्या रानात नुसती उभी राहिली.

रहिमुन्निसाचे हात खाली आले. ती ढेकळांवर बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली, आवाज न करता. तेव्हा चतुराबाई काठी टेकत तिच्याजवळ आली. वाकली, तिच्या डोळ्यांवरचा पदर बाजूला केला आणि तिच्याकडं निरखून पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच तिनं तिला ओळखलं होतं.

"रहिमा, रडती कशाला? भूक लागली व्हय?" तिनं तिचं बोट धरलं. "चल खोपीवर. तुझी माय भाकरी करून राह्यली."

फकरोद्दीननं तोंड फिरवलं. सत्यशीला पुढं झाली, काहीतरी बोलायला, सासूला सावरायला. पण रहिमुन्निसानं तिला मानेनंच नको म्हटलं. डोळे पुसले, उठली, आणि "चल मावशी" म्हणून चतुराबाई नेईल तिकडं तिच्याबरोबर चालायला लागली.