तेरावी चूक

अधीक्षकबाईंनी लाल पेनाचं टोपण दातांनी ओढून काढलं आणि सात नंबरच्या उत्तरपत्रिकेवर एकेक ओळ तपासत बरोबरच्या खुणा केल्या. बाराव्या ओळीपर्यंत पेन झरझर चाललं. तेराव्या ओळीशी मात्र ते थांबलं.

"काय झालं?" टेबलापलीकडून मुख्य अभियंत्यांनी विचारलं. ते वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होते.

"बाराच्या बारा सापडल्यात, साहेब. पण एक जादा लिहिलीय."

"जादा उत्तर म्हणजे चुकीचं उत्तर. अर्धा गुण वजा करा."

खात्याला सुरक्षा सल्लागार हवा होता. आधीचा निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून त्याच्या खुर्चीवर फायलींचे गठ्ठे बसले होते. दोनदा भरती काढली, दोनदा घोड्याने पेंड खाल्ली. ही तिसरी खेप. या महिनाअखेर पद भरलं गेलं नाही, तर ते कायमचं रद्द होणार होतं, तसं वरून लेखी आलं होतं. त्यामुळे अधीक्षकबाई गेला महिनाभर जेवताना आणि न्हातानासुद्धा भरतीचाच विचार करत होत्या.

परीक्षेची पद्धत साधी होती. पाणी शुद्धीकरण केंद्रात खात्याने मुद्दाम बारा चुका करून ठेवायच्या. बाहेर पडायच्या दारासमोर खोकी रचायची, अग्निशामक नळकांड्याला जुन्या तारखेची चिठ्ठी लावायची, जिन्याचा एक दिवा काढून ठेवायचा, असल्या. उमेदवाराने पाऊण तास फिरून त्या शोधायच्या आणि लिहायच्या. सोमवार ते गुरुवार, रोज दहा उमेदवार. पहिल्या खेपेला हे छान चाललं होतं, पण दुसऱ्याच दिवशी कुणी एका भल्या कामगाराने दारासमोरची खोकी उचलून नीट कोपऱ्यात लावली. निम्म्या उमेदवारांना बारा चुका आणि निम्म्यांना अकरा! परीक्षा रद्द झाली. वर्षभर सगळे त्या कामगाराला 'स्वच्छतादूत' म्हणून चिडवत होते.

दुधाने तोंड पोळलेलं खातं ताक फुंकून पिणारच. पुढच्या खेपेपासून परिपत्रक निघू लागलं. चाचणीच्या चार दिवसांत कर्मचाऱ्यांनी रोजच्या कामापलीकडे केंद्रातल्या कोणत्याही वस्तूला वा यंत्राच्या मांडणीला हात लावू नये. दिसलेली चूक दुरुस्त करू नये, तिचा उल्लेखही करू नये. कोणाचीही तोंडी सूचना मानू नये. खाली अधीक्षकबाईंची सही. कामगार हे खरंच पाळतात का ते बघायला साहेबांनी गेल्या खेपेला स्वतः केंद्रावर फोन लावला होता. "एवढी ती खोकी जरा बाजूला करा," असं गोड आवाजात सांगितलं. ज्या दोघांनी ती बाजूला केली त्यांना मेमो मिळाला, सेवापुस्तकात नोंद झाली आणि परीक्षा दुसऱ्यांदा रद्द झाली. साहेबांना त्या गमतीचं अजून हसू येई. नोंदी अधीक्षकबाईंच्या अक्षरात होत्या.

आता त्यांनी तेरावी ओळ मोठ्याने वाचली.

"क्लोरीनच्या खोलीतला पंखा उलटा फिरतो. उत्तरपत्रिकेचा कोपरा जाळीजवळ धरून पाहिला. तो जाळीला चिकटायला हवा होता, माझ्या अंगावर उडाला. खोलीतली हवा बाहेर जाण्याऐवजी दाराच्या फटीतून कंट्रोल रूममध्ये जाते. हे आधी दुरुस्त करा, मग परीक्षा घ्या."

शेवटचं वाक्य ऐकून साहेबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"आपल्याला शिकवायला आलीय का ही?"

"साहेब, पंख्याचं आपल्या यादीत नाही."

"नाहीच. रविवारी तो दुरुस्त करून बसवलाय. बिल माझ्याच सहीने गेलंय."

"पण उलटा फिरत असेल तर?"

"बाई, ही चूक आपण ठेवलीय का?"

"नाही."

"मग ती नाहीच." साहेबांनी पेनाचं टोक शब्दकोड्यावर आपटलं. "उद्या कुणी पंधरा लिहील, कुणी वीस. आपण काय करायचं, दर उमेदवारामागे धावायचं? परीक्षा चालू असताना पंख्याला हात लावला तर पुन्हा आहेच, अर्ध्यांना वेगळी परीक्षा, अर्ध्यांना वेगळी. तिसऱ्यांदा रद्द. मग बसा बोंबलत. आज शेवटचा दिवस आहे, शेवटची तुकडी तेवढी जायचीय. काय ते उद्या बघू."

साहेबांचं म्हणणं कागदावर बिनतोड होतं. अधीक्षकबाईंनी तेराव्या ओळीसमोर फुली मारली, बेरजेत साडेअकरा लिहिले आणि पत्रिका गठ्ठ्यात सरकवली. बावीस नंबरला बाराला बारा होते. निवड झाल्यातच जमा होती. साहेब आतापर्यंतची गुणयादी घेऊन वरच्या मजल्यावर सह्यांना गेले.

अधीक्षकबाईंना पुढची पत्रिका घेववेना. त्यांनी टोपण पेनाला लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं.

केंद्रावर दुसऱ्या पाळीला त्यांचा धाकटा भाऊ होता. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि अधीक्षकबाई वीसच्या. त्याचे दात पडले ते त्यांच्या तळहातावर आणि त्याला नोकरी लागली ती त्यांनी आणलेल्या अर्जावर. रुजू व्हायच्या दिवशी त्यांनी त्याला दारात थांबवून सांगितलं होतं, "कागदावर असेल तेवढं कर. कागद पाळणाऱ्याला कुणाच्या बापाला भ्यायचं कारण नाही." पोरगा गुणी निघाला. एक मेमो नाही, एक नोंद नाही. सगळ्या खात्यात अशी कोरी सेवापुस्तकं दहासुद्धा नसतील, याचा त्यांना फार अभिमान होता.

आज सकाळी तो बेसिनपाशी उभा राहून डोळ्यांवर पाणी मारत होता. काल रात्री कामावरून आल्यावरही, परवाही. "साबण गेला," म्हणाला होता. आणि रात्री पलीकडच्या खोलीतून त्याचा खोकला ऐकू येत होता, तेव्हा त्यांनी कूस बदलून मनाशी म्हटलं होतं, हवा पालटलीय.

अधीक्षकबाईंनी मोबाईल उचलला आणि केंद्राच्या कंट्रोल रूमचा नंबर लावला. कामगारांचे मोबाईल फाटकावर जमा असायचे, पण हा टेबलावरचा फोन कुणीतरी उचलायचंच. त्यानेच उचलला.

"अरे, क्लोरीनच्या खोलीतला पंखा कसा फिरतोय?"

"उलटा," तो म्हणाला. मग घसा खाकरून हसला. "का गं? कुणाला सापडला की नाही? भारी लपवलीत ही चूक तुम्ही. खोकी काय, दिवा काय, कुणालाही दिसतील. ही मात्र मानली."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"सोमवारपासून. वायरमनच्या लक्षात आलं. दोन वायरी अदलाबदल करायच्या, पाच मिनिटांचं काम. त्याचे हात नुसते शिवशिवत होते. मी म्हटलं, खबरदार! भिंतीवरच्या कागदावर ताईची सही आहे. डोळे चुरचुरतात जरा, पण चार दिवसांचा तर प्रश्न. आज संपलंच."

अधीक्षकबाई खुर्चीतून उठल्या. कशाला उठल्या ते त्यांनाही कळलं नाही.

"ती चूक आमची नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आम्ही ठेवलेली नाही. पंखा खरंच बिघडलाय. ऐक माझं, सगळ्यांना घेऊन आत्ताच्या आत्ता बाहेर पड."

 मग तो इतक्या मोठ्याने हसला की त्यांनी मोबाईल कानापासून लांब धरला.

"गेल्या वेळी साहेब, आणि या वेळी तुला बसवलं होय फोनवर! शाबास. सख्ख्या भावाला मेमो द्यायला निघालीस?"

"अरे, तुझी शपथ. मी खरं सांगतेय."

"शपथसुद्धा घातली! मुरलीस गं ताई नोकरीत. तोंडी सूचना मानू नये, चौथी ओळ. पाठ आहे मला."

"पंख्याचं बटण तरी बंद कर. माझ्यासाठी कर."

"वा, बटणाला हात लावायचा आणि मग तू नोंद करायचीस." त्याला पुन्हा खोकला आला. "बरं, ठेवू नकोस हं, आलोच. क्लोरीनचा सिलिंडर बदलायला घेतलाय. पाना लावलाय त्यांनी, मला जरा धरायला बोलावतायत."

"जाऊ नकोस! अरे, ऐक..."

रिसीव्हर लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. त्यामागे पंख्याची घरघर, कुणाचंतरी "हळू रे, हळू," लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज. अधीक्षकबाई त्याचं नाव घेऊन ओरडल्या. दुसऱ्यांदा ओरडल्या तेव्हा शेजारच्या टेबलावरचा कारकून उभा राहिला.

"फाटकावर फोन लावा," त्या त्याला म्हणाल्या. "केंद्राच्या. सांगा, मेन वीज तोडा आणि माणसं बाहेर काढा."

"कुणाच्या आदेशाने म्हणून सांगू?"

"माझ्या!"

"लेखी मागतील, बाई. चाचणी आहे ना." त्याने निरागसपणे फाइल उघडली. "जावक क्रमांक टाकून देऊ का?"

 मोबाईल कानाला तसाच धरून त्या बाहेर पडल्या. आधी जिन्याकडे वळल्या, वर साहेबांकडे जावं म्हणून, आणि तीन पायऱ्या चढून परत फिरल्या. साहेब काय म्हणतील ते त्यांना आत्ताच ऐकू येत होतं.

व्हरांड्यात परीक्षा देऊन झालेले उमेदवार निकालासाठी बाकांवर बसले होते. कुणी टाय सैल करत होतं, कुणी एकमेकांच्या बारा चुका ताडून बघत होतं. सात नंबर भिंतीला टेकून एकटीच उभी होती. चाळिशीची, सडपातळ, नाडीचे बूट घातलेली. अर्जात लिहिलं होतं, कागद कारखान्यात अकरा वर्षं. अधीक्षकबाई तिच्यासमोर जाऊन थांबल्या.

"पंखा," एवढंच त्या म्हणाल्या.

"दुरुस्त केलात?"

"नाही. आणि आत सिलिंडर बदलतायत. आत्ता. ते माझं ऐकत नाहीत. त्यांना वाटतंय, ही परीक्षाच आहे."

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, मी लिहिलं होतं. सात नंबरने पिशवी खाली टाकली आणि हात पुढे करून मोबाईल मागितला. त्यांनी तो दिला. तिने तो कानाला लावला, डोळे मिटून ऐकलं, आणि एकदम डोळे उघडले.

"खोकतायत," ती म्हणाली. "आत किती माणसं आहेत?"

"माझा भाऊ," अधीक्षकबाई म्हणाल्या. मग भानावर येऊन म्हणाल्या, "चार. एका पाळीत चौघं असतात."

"केंद्र किती लांब आहे इथून?"

"गाडीने वीस मिनिटं."

"अग्निशमन दलाला कळवा. त्यांना लेखी लागत नाही. क्लोरीन म्हणा, चार माणसं म्हणा." बाकावरच्या एकाने न सांगताच आपला मोबाईल काढून नंबर लावला. सात नंबर अजून अधीक्षकबाईंकडेच बघत होती. "दाराबाहेर मास्कची पेटी आहे. ती रिकामी होती, मी लिहिलंय तसं. ती मात्र तुमचीच ना?"

"हो. ती आमची."

"मग मास्क कुठे ठेवलेत? केंद्रातच कुठेतरी असतील. त्यांना ओरडून सांगता येईल."

अधीक्षकबाईंनी मागे वळून आपल्या खोलीच्या उघड्या दारातून बघितलं. टेबलामागे लोखंडी कपाट होतं. कुणी परस्पर परत नेऊन ठेवू नयेत म्हणून रविवारी त्यांनी स्वतः ते मास्क आणवले होते, मोजून घेतले होते आणि कपाटाला कुलूप घातलं होतं.

"इथे आहेत," त्या म्हणाल्या. "चारही."

सात नंबरने मोबाईल परत त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी कानाशी घट्ट दाबला आणि भावाला हाक मारली. खोकला थांबला होता. फक्त पंखा फिरत होता.