नाव घातलेली कळशी

बोईसर स्टेशनाजवळ माझं जुन्या कपड्यांचं आणि भांड्यांचं दुकान होतं. मुरबे गावची गिऱ्हाइकं कोट घेताना हटकून विचारायची, "मेलेल्याचा नाय ना?" मी नाही म्हणायचो. भांड्यांवरची नावं मात्र मी आधीच घासून काढायचो, कारण दुसऱ्याच्या नावाचं भांडं कोणी घरात नेत नसे.

सहासष्ट साली तारापूरच्या वीज केंद्राच्या बांधकामावरच्या अमेरिकन साहेबांच्या मडमा दुकानात येऊ लागल्या. एकीने पितळी कळशी फिरवून फिरवून पाहिली आणि ड्रायव्हरमार्फत विचारलं, हिच्यावर नाव का नाही? तिला नावाचीच कळशी हवी होती. घ्या! मी तिला उद्या यायला सांगितलं आणि भांड्यांवर नावं घालणाऱ्या चिंतूला बोलावलं.

"कोणाचं घालू?" त्याने विचारलं.

"कोणाचंही घाल रे बाबा, डोकं खाऊ नको!"

तेवढ्यात माझी बायको चहा घेऊन आली. चिंतूने तिचंच नाव घातलं, सौ. मंदा. अक्षरं नवी दिसू नयेत म्हणून मी वर काजळी चोळली.

दुसऱ्या दिवशी मडमेने त्या अक्षरांवरून हळूच बोट फिरवलं. ही बाई कोण, असं ड्रायव्हरने विचारलं.

"जुन्या काळची जमीनदारीण," मी म्हटलं. "कधीच मेली."

मडम खूश होऊन कळशी घेऊन गेली. मी वळलो, तर मागे मंदा उभी होती. आमच्या घरातल्या एकूण एक भांड्यावर माझं नाव आहे.

"मेले," ती म्हणाली, "तेवा कुठं भांड्यावर नाव आलं माजं."