उमरी गप्प का बसले

शनिवारी सकाळपासून कैलाशला एका जागी बसवत नव्हतं. कोहमाऱ्याच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात त्यानं मालाच्या दोन बिल्ट्यांवर ट्रकचे नंबर चुकीचे लिहिले, एका गरीब ड्रायव्हरवर विनाकारण खेकसला आणि मागवलेला चहा तसाच गार होऊ दिला. सदतीस वर्षांचा माणूस, एका मुलीचा बाप, आणि जीव टांगणीला लागला होता तो आकाशातल्या खोट्या लोकांपायी. हे सांगणार कुणाला? सांगितलं असतं तर ऑफिसातल्यांनी आधी कपाळाला हात लावून ताप पाहिला असता.

'आउटर लॅम्प' नावाचा एक जुना कॉम्प्युटर गेम आहे. जाड ठिपक्यांची चित्रं, आवाजाचा पत्ता नाही. आपण यान घेऊन ताऱ्यांमधून हिंडायचं, परग्रहावरच्या जमाती भेटल्या की त्यांच्याशी बोलायचं, आणि जमलं तर दोस्ती करायची. जगातले दोन-तीनशे खुळे अजूनही इंटरनेटवरच्या एका मंचावर त्या जमातींबद्दल भांडत असतात. टेखर जमात सौदा अंधारातच का करते, हुलान हे झाडं आहेत की जनावरं, असल्या गोष्टींवरून तिथं लोकांनी एकमेकांशी बोलणं टाकलंय. त्या मंचावर कैलाशचं नाव होतं 'गोंदिया-९९'. फिनलंडचा एक जण बरीच वर्षं गोंदिया हा गेममधलाच ग्रह समजत होता, आणि कैलाशनंही त्याला लगेच खरं सांगितलं नाही.

या मंचावर त्याला मान होता. दुसरीकडं कुठं नव्हता, हे त्यालाही ठाऊक होतं. ऑफिसात तो बिल्टीवाला, सासरी फुलचूर गावचा जावई. मंचावर मात्र उमरी नावाच्या जमातीबद्दल काही अडलं की लोक म्हणायचे, गोंदियाला विचारा. उमरींच्या माहितीचं पान त्यानं बारा वर्षं एकट्यानं डोळ्यांत तेल घालून सांभाळलं होतं.

उमरींचं वागणंच तसं होतं. ते भेटले की यानातली फळं त्यांना भेट द्यायची. ते फळं घेतात, पडद्यावर 'नॉट येट' एवढेच दोन शब्द उमटतात, आणि मग सगळे चिडीचूप. काही विचारा, उत्तर नाही. चिडलेला खेळाडू तोफा डागतो आणि पस्तावतो. पण जो तीस दिवस मुकाट थांबतो त्याच्याकडं उमरी आपणहून येतात आणि शेवटपर्यंत त्याची साथ सोडत नाहीत. असं का, हे कैलाशनं पानावर उमरींच्याच तोंडच्या वाक्यात दिलं होतं, अवतरणचिन्हांत: 'पुढं गेलेले आधी खातील, मग आम्ही.' नवं फळ आधी मेलेल्या पूर्वजांचं, नंतर जित्यांचं. लोकांना ते वाक्य इतकं आवडलं की ब्राझीलच्या एका मुलीनं दंडावर गोंदवून घेतलं.

आणि आदल्या दिवशी, शुक्रवारी, सगळं अंगावर आलं. एका हुशार पोरानं गेमच्या फायली उकलून त्यातला शब्दन् शब्द बाहेर काढला. ते वाक्य त्यात कुठंच नव्हतं. वर ज्या म्हाताऱ्यानं हा गेम लिहिला तोच मंचावर अवतरला आणि म्हणाला, उमरींचे संवाद लिहायला आम्हाला वेळच मिळाला नव्हता. ते गप्प बसतात ही आमची चूक आहे, त्यात अर्थ शोधू नका. मंच सांभाळणाऱ्या पोलंडच्या आन्यानं कैलाशला लिहिलं: तुमच्याकडच्या घड्याळानं रविवारी संध्याकाळी सहापर्यंत वाक्याचा पुरावा द्या, नाहीतर पान काढावं लागेल आणि तुमचं खातं बंद करावं लागेल.

कैलाशच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण खोटारडे? ते वाक्य त्यानं पाहिलं होतं! अकरा वर्षांचा असताना, गोंदियात रेलटोलीच्या एका खोलीत मडावी सर कॉम्प्युटर क्लास घ्यायचे तेव्हा. शिकवून झालं की सर हा गेम लावायचे, आणि पोरं स्टुलांवर दाटीवाटीनं बसायची. सरांनी पडद्यावर बोट ठेवून ते वाक्य सगळ्यांना सांगितलं होतं. ते बोट, त्या बोटाचं चिरलेलं नख, सगळं त्याला अजून दिसत होतं. म्हणजे सरांची सीडी वेगळी असणार, जुनी आवृत्ती असणार. ती मिळाली की या सगळ्यांची तोंडं बंद.

क्लास वर्षभरातच बंद पडला होता आणि सर अर्जुनी मोरगावकडच्या आपल्या गावी निघून गेले होते. शनिवारभर फोन करकरून कैलाशनं गाव शोधून काढलं. रविवारी सकाळी तो बूट चढवायला लागला तशी त्याची बायको हर्षा दारात आली.

"आज तो छुट्टी है ना? मग कुठं?"

"एक सीडी आणायची आहे."

"सीडी? आपल्या घरी सीडी लावायला काही आहे का?" ती म्हणाली. त्यानं नाड्या बांधल्या आणि तो निघाला.

एसटी कोहमाऱ्याला चहासाठी थांबली ती हलायचं नाव घेईना. कैलाश खाली उतरला, वर चढला, पुन्हा उतरला. शेवटी कंडक्टरच म्हणाला, "बसा ना जी, तुम्ही चालल्यानं गाडी थोडीच चालनार हाये?" नवेगाव गेलं, अर्जुनी आलं, तिथून एका मोटरसायकलवाल्याच्या मागं बसून तो गावात पोचला तेव्हा दीड वाजला होता. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

सरांचं घर तळ्याच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून होतं. अंगणात आंब्याचं मोठं झाड, खाली दोन-चार आंबे पडलेले. आवाज दिला, पण कुणी बाहेर येईना. कैलाशनं एक आंबा उचलला, शर्टाला पुसला आणि तोंडाशी नेला.

"ठेव खाली!"

मागून एक वयस्कर बाई टोपली घेऊन येत होती. ती सरांची बायको, धनवंता. टोपली खाली टाकून ती अशी धावत आली की कैलाशचा हात तोंडाशीच राहिला.

"अजून नाही खाचा," ती दम खात म्हणाली. "आमचा मरका पंडुम झाला नाही. गुरुवारी हाये."

"म्हणजे?"

"आंब्याचा सन. गावात कोनीच आंबा तोंडात नाही घालत तवापर्यंत. पुढं गेलेल्याइनं नाही खाल्लं अजून, तू कसा खाशीन?"

कैलाश जागच्या जागी खाली बसला. हे वाक्य त्यानं बारा वर्षं जगाला समजावून सांगितलं होतं, त्याच्यावर पानंच्या पानं लिहिली होती, आणि ते घरापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर एक बाई त्याला ओरडून सांगत होती. एवढी वर्षं तो याच जिल्ह्यात राहत होता, आणि कधी कुणाला विचारायचं त्याला सुचलं नव्हतं. त्याला लाज वाटली.

मडावी सर, म्हणजे दसरू मडावी, घराच्या मागून आले. केस पांढरे, हातात विळा. ओळख द्यावी लागली, पण एकदा पटली तशी त्यांनी कैलाशच्या पाठीवर अशी थाप मारली की तो हललाच.

"थो! खिडकीजवरचा! सारखा उठून उभा राहे थो! आता काऊन आला?"

कैलाशनं सगळं सांगितलं. सर ऐकता ऐकता हसायला लागले, आणि मग त्याचा चेहरा पाहून थांबले.

"सीडी हाये," ते म्हणाले आणि त्याला मागच्या वाडीत घेऊन गेले. वांग्याच्या वाफ्यावर सुतळीला बांधलेली एक सीडी वाऱ्यानं गरगर फिरत होती. पाखरं येऊ नयेत म्हणून टांगलेली. उन्हानं तिच्यावरचा मुलामा उडाला होता, अर्धीअधिक तर आरपार दिसत होती.

"सर, यात ते वाक्य होतं ना?" कैलाश जवळजवळ ओरडलाच. "तुम्ही बोट ठेवून वाचलं होतं!"

"मले येवढं इंग्रजी कोठं येत होतं बापा! 'नॉट येट' लिवलं होतं. अजून नाही. येवढं समजे मले. तुम्ही पोट्टे कल्ला करून राहिले होते, सर, थे फर घेऊन चूप काऊन बसले? तर मी सांगतलो. लहानपनी आंब्याले हात लावला का माही माय असंच म्हने, अजून नाही. मले वाटलं, थे बी आपल्यावानीच असतील."

"पण मी जगाला सांगितलं ना सर, गेममध्ये आहे म्हणून! मला खोटारडा म्हणून राहिले ते!"

"मी लबाडी नाही केली," सर एकदम गंभीर होऊन म्हणाले. "तुम्ही इचारलं, मले मालूम होतं थे सांगतलो. आनि थांबलो तर आले ना थे? तीस दिवसानं आले का नाही?"

आले होते. दर वेळी यायचे.

सरांनी सुतळी सोडून सीडी त्याच्या हातात दिली. "हे घे. फोटो काढ न् पाठव. सांग का यातच होतं, आता खराब झाली. थे पोलंडवाली का वांग्यात पाहाले येनार हाये?"

तीन वाजले होते. गावात नेटवर्क फक्त तळ्याच्या पाळीवर यायचं. कैलाश तिथं गेला, सीडी एका दगडावर ठेवून फोटो काढला. फोटो छान आला होता. जुनी सीडी, हातानं लिहिलेलं अर्धवट नाव, एवढं बघितल्यावर कुणीही विश्वास ठेवला असता. पान राहिलं असतं, नाव राहिलं असतं, आणि कुणाचं एका पैचंही नुकसान झालं नसतं. त्यानं 'माझ्या शिक्षकांची दुर्मीळ प्रत' एवढं लिहिलंसुद्धा. मग उठून पाळीच्या टोकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. चार वाजले. पाच वाजले. आपल्याला हे पाठवायचं आहे, फार पाठवायचं आहे, हे त्याला स्वतःशी कबूल करावं लागलं.

पण मग ते वाक्य त्या गेमवाल्या म्हाताऱ्याचं झालं असतं. ज्यानं उमरींच्या तोंडात एक शब्दही घातला नाही त्याचं. आणि अंगणातून धावत आलेली बाई कुठंच उरली नसती.

त्यानं लिहिलेलं पुसलं आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत नव्यानं लिहिलं. ते वाक्य गेममध्ये नाही. ते मध्य भारतातल्या गोंड गावांमधलं आहे, तिथले लोक नवा आंबा आधी पूर्वजांना देतात. माझे सर तशाच एका गावचे, त्यांना ते माहीत होतं म्हणून त्यांनी आम्हाला सांगितलं. मी लहान होतो, मला वाटलं पडद्यावर लिहिलंय. अवतरणचिन्हं मी घातली, चूक माझी आहे. पान काढा.

साडेपाचला आन्याचं उत्तर आलं. पान काढलंय. खातं नियमाप्रमाणे सहाला बंद होईल. खरं सांगितलंत, बरं वाटलं. कैलाशनं ते दोनदा वाचलं आणि सहा वाजेपर्यंत तिथंच बसून राहिला. मग एकदा मंच उघडायचा प्रयत्न केला. तो उघडला नाही. त्याला रडू आलं, आणि आजूबाजूला म्हशींखेरीज कुणी नव्हतं म्हणून तो मनसोक्त रडला.

निघताना धनवंताबाईनं तो दुपारचा आंबा त्याच्या पिशवीत टाकला. "हात लावला ना, ने आता. पन गुरुवारपर्यंत खाजो नको."

घरी पोचला तेव्हा रात्र बरीच झाली होती, त्याची वाट बघून उशिरा सुरू केलेली जेवणं आटोपत आली होती. हर्षानं सीडीबद्दल विचारलं, तो म्हणाला, वांग्यांना परत दिली. तेवढ्यात नऊ वर्षांच्या डिंपलनं पिशवीत हात घालून आंबा बाहेर काढला आणि थेट तोंडाला लावला.

"अजून नाही," कैलाश म्हणाला.

"काऊन?"

तो खाली मांडी घालून बसला आणि सांगायला लागला. तारे, यान, फळं घेऊन गप्प बसणारे उमरी, मग सर, मग झाडाखालची बाई. एवढं सलग तो या घरात कधी बोलला नव्हता. हर्षा ताट हातात घेऊन तशीच उभी राहून ऐकत होती. गोष्ट संपली तेव्हा डिंपलनं आंबा हळूच फळीवर नेऊन ठेवला आणि वळून विचारलं, "पण पप्पा, त्यांचं खाऊन झालं, हे आपल्याला कसं समजणार?"

बारा वर्षांत मंचावर हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"गुरुवारी आपणच जाऊ," कैलाश म्हणाला. "सरांना विचारू."