विशाखाचा न हुकलेला फटका

माझ्या धाकट्या बहिणीचे दोन हात दोन ऋतूंतले आहेत. उजवा वैशाखातला, नखांपर्यंत रापलेला, तांबूस काळा, पेरांवर भेगा पडलेला. डावा मनगटाखाली पौषातल्या पहाटेसारखा फिका आणि मऊ, जणू त्याला ऊन कधी भेटलंच नाही. गोल्फ खेळणारे एकाच हातात मोजा घालतात, आणि विशाखाने तो डाव्या हातातला पांढरा मोजा वीस वर्षं फक्त जेवायला आणि झोपायला काढला. ती मेथी निवडायला बसली की परातीवर ते दोन हात शेजारी येतात आणि घरी आलेली एखादी बाई दबक्या आवाजात विचारते, कोड आहे का? विशाखा मान हलवते, हसते आणि पानं खुडत राहते. खुलासा करण्याची सवय तिला कधीच नव्हती. मला तिच्या त्या न बोलण्याचा राग येतो, आणि माझं आजवरचं सगळं चांगुलपण त्याच न बोलण्यावर उभं आहे.

कारण सात वर्षं व्यावसायिक गोल्फ खेळलेल्या माझ्या बहिणीची कारकीर्द माझ्या हाताने संपली. हे तिला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. बाबांना ठाऊक नाही, आणि मी ते त्यांना वेळेवर सांगितलं नाही.

बाबा आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहराबाहेर, सिलतऱ्याच्या कारखानपट्ट्यात, एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. कारखान्याने आपल्या साहेबांसाठी नऊ भोकांचं एक लहानसं गोल्फचं मैदान केलं होतं आणि त्याला पाणी देणारे पंप बाबांच्या ताब्यात होते. साहेब साडेसातला येत. त्याआधी कामगारांच्या मुलांनी तिथे काय केलं याकडे कुणी बघत नसे. आई आम्ही लहान असतानाच गेली, म्हणून बाबा पहाटे आम्हा दोघींना सायकलवर घालून पंपघरात नेत. मी तिथे बसून अभ्यास करी. आठ वर्षांची विशू कुणीतरी फेकून दिलेला, मुठीपाशी सोललेला दांडा घेऊन गवतात उतरे. धुकं गुडघ्यापर्यंत असे, पंपाची घरघर एकसुरी चालू असे, आणि त्या घरघरीतून मधूनच एक स्वच्छ, कोरडा टक् असा आवाज येई. वहीतून मान वर न काढताही मला कळे, हा नीट बसला, हा नाही बसला. पुढे मोठमोठ्या मैदानांवर भारी दांड्यांचे आवाज मी ऐकले, पण तसा निखळ आवाज पुन्हा कानी पडला नाही.

ती फटका मारते तेव्हा काय होतं हे मला अनेकदा लिहून पाहावंसं वाटलं आणि प्रत्येकदा शब्द उणे पडले. आधी ती अगदी स्थिर होते, कळशी भरेपर्यंत नळाखाली उभी राहिलेली बाई असते तशी, घाई नसलेली. मग खांदे वळतात, दांडा डोक्यामागे जातो आणि तिथे, वर, निमिषभर सगळंच थांबतं. त्या थांबण्यात तिचा चेहरा जो होतो तो घरात आम्ही कधी पाहिला नाही. त्या चेहऱ्याला आई नसण्याचं दुःख नसतं, बापाच्या हातावरचे विजेचे चटके माहीत नसतात, आपण कुठल्या पाऱ्यातून, कुठल्या वस्तीतून आलो हेही आठवत नसतं. मग दांडा खाली येतो आणि ती पुन्हा आमची विशू होते.

मी तिची कॅडी झाले ती अशीच, हळूहळू. कॅडी म्हणजे खेळाडूची बॅग वाहणारा, अंतर मोजून देणारा, तिच्यासोबत अठरा भोकं चालणारा माणूस. आमच्या मैदानावर कॅडीला एक काम जास्तीचं होतं. सिलतऱ्याकडून वारा सुटला की या शहराच्या गच्चीगच्चीवर काळी भुकटी बसते. सकाळी अनवाणी गच्चीवर गेलं तर तळवे काजळ माखल्यासारखे होतात. मैदानावर तर पांढरा चेंडू दोन टप्प्यांत राखाडी होई. म्हणून तिथे एक घरगुती नियम होता, पंपघराच्या भिंतीवर रंगाने लिहिलेला: उठाओ, पोंछो, रखो. खेळताना चेंडू मध्येच उचलायचा, पुसायचा, होता तिथे ठेवायचा. बाकीच्या जगात तो गुन्हा आहे. चेंडू जिथे, जसा, ज्या चिखलासकट पडला तिथून तसाच मारायचा, हाच या खेळाचा धर्म. आम्ही मात्र पुसण्यातच वाढलो. पंडरीच्या कापडबाजारातून आणलेल्या मलमलीच्या कटपीसचा चौकोन माझ्या कमरेला खोचलेला असे. विशू चालत येईपर्यंत मी वाकून, चेंडू उचलून, पुसून ठेवलेला असे. दहा-बारा वर्षं मी हे केलं. बाहेर खेळताना हात आवरावा लागे, पण हाताला लागलेलं वळण डोक्याला विचारत बसत नाही.

ती व्यावसायिक झाली तेव्हा पाऱ्यातल्या विहारात तिचा सत्कार झाला. बाबांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. दोन शब्द बोला म्हटल्यावर ते माइकपाशी गेले, म्हणाले, “माह्या पोट्टीनं पंपाच्या पाण्यावर गोल्फ शिकला,” आणि रडू आल्यामुळे खाली उतरले. त्यानंतरची सात वर्षं मला गावांच्या नावांनी आठवत नाहीत, तिच्या पाठीने आठवतात, कारण मी नेहमी तिच्या चार पावलं मागे असे. यशाच्या वर्षी ती पाठ रुंद दिसे. कधी ती पहिल्या पाचांत आली, एकदा दुसरी आली आणि त्या दिवशी बाबांनी अख्ख्या चाळीला जिलेबी वाटली. मग मनगट दुखू लागलं, नवीन मुली आल्या, लांब मारणाऱ्या, इंग्रजीत हसणाऱ्या, आणि ती पाठ दरसाल थोडी अरुंद होत गेली. सातव्या वर्षाअखेर ती यादीतून घसरली. पुढच्या मोसमात खेळायचं तर पात्रता फेरीतून पुन्हा कार्ड मिळवायचं, म्हणजे वर्षभर खेळण्याचा परवाना. नाही मिळालं तर घरी. नेहमीप्रमाणे मी ऑफिसातून रजा काढली आणि बॅग उचलली.

दक्षिणेतलं एक गाव, चौथा आणि शेवटचा दिवस. हवा इतकी निर्मळ होती की मला अस्वस्थ वाटत होतं. विशू अशी खेळत होती की तिला बोलावंसुद्धा लागत नव्हतं. सतराव्या भोकाला तिचा फटका मैदानाच्या मधोमध, भोकाभोवतीच्या हिरवळीच्या अलीकडे पडला. सोबतची खेळाडू आणि तिची कॅडी डावीकडच्या झाडांत त्यांचा चेंडू शोधत होत्या. मी पुढे गेले. चेंडूच्या एका बाजूला हरभऱ्याएवढा चिखल होता. मी वाकले, चेंडू उचलला, कमरेच्या फडक्याने पुसला, होता तिथे ठेवला आणि उभी राहिले. उभी राहिल्यावर मला कळलं मी काय केलं.

विशू दहा पावलांवर थांबली होती. मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. झाडांकडून अजून शोधाशोधीचे आवाज येत होते. माझ्या तोंडून जे निघालं ते मला आजही ऐकू येतं.

“कोणी नाही पाह्यलं, विशू. चाल, मार लवकर.”

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. हात वर केला आणि झाडांतल्या त्या खेळाडूला हाक मारली, कारण या खेळात आपले फटके समोरचा लिहितो. ती येईपर्यंत विशू तशीच उभी राहिली. मग शांतपणे म्हणाली, “एक पेनल्टी लिखिए. मेरी कॅडी ने बॉल उठा लिया.”

जन्मल्यापासून तिने मला ताई म्हटलं होतं. शाळेत, दवाखान्यात, तापात बरळताना. त्या एका वाक्यापुरती मी तिची कुणी नव्हते, आणि ते वाक्य न्यायाचं होतं म्हणून मला रडताही येईना. दंडाचा एक फटका तिच्या नावावर चढला. त्यापुढेही ती निर्दोष खेळली. अठराव्यावर चार फुटांचा पट उरला होता. पट म्हणजे भोकाजवळचा शेवटचा, हलका टोला. तिने तो इतक्या अलगद घातला की चेंडू भोकात पडल्याचा आवाज मला पायांत जाणवला. संध्याकाळी यादी लागली. कार्ड एका फटक्याने गेलं होतं.

आम्ही गाडीने परतलो. स्टेशनवर बाबा आले होते. बॅग माझ्या हातातून घेता घेता त्यांनी विचारलं, “काय झालं वं?” मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण विशू माझ्या आधी म्हणाली, “आख़री पट छूट गया, बाबा.”

परक्यांसमोर, कुणी पाहत नसताना जिने खरं सांगितलं, ती आपल्या बापाशी आयुष्यात एकच खोटं बोलली, तेही माझ्यासाठी. आणि मी, जिला ताई म्हणून मोठं व्हायचं होतं, स्टेशनच्या पायऱ्या उतरताना सुटकेचा श्वास टाकला.

बाबांनी मग तो पट सोडलाच नाही. जेवताना, पेपर वाचताना, पाहुण्यांपुढे. “काहून वं विशू, येवढासा तर होता! डोळे मिटून घातला असता मी.” चेष्टाच असे ती, प्रेमाची, पण रोजची. आधी तिची मान वळे, मग वळेनाशी झाली. ती म्हणे, “हव बाबा, छूट गया.” मी ताटाकडे बघत राही. उद्या सांगू, त्यांची तब्येत बरी झाली की सांगू, तिने पुन्हा कार्ड मिळवलं की हसत हसत सांगू. पुढच्या वर्षी ती पुन्हा गेली, तिथलीच कॅडी घेऊन, आणि अकरा फटक्यांनी राहिली. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणाल्या, बघ, उगाच मनाला लावून घेत होतीस. त्यांना काय कळणार? अकरा फटक्यांच्या हरण्याला कुणी धनी नसतो. एका फटक्याला असतो.

आता ती शंकर नगरात एका शोरूमच्या वर, काचेच्या बंद खोलीत गोल्फ शिकवते. भिंतीवर मोठा पडदा आहे, त्यावर कुठल्या तरी समुद्राकाठचं हिरवंगार मैदान दिसतं, आणि श्रीमंतांची मुलं त्या चित्रावर चेंडू मारतात. चेंडू पडद्यावर धप्प करून आपटतो आणि खाली पडतो. एकदा डबा द्यायला गेले तेव्हा ती एकटी होती. तिने दांडा घेतला, खांदे वळवले, वर नेला. मी तो चेहरा यायची वाट पाहिली. आला नाही. तिने फटका मारला, पडद्यावरच्या आकड्याकडे पाहिलं आणि डबा उघडून जेवायला बसली.

दर रविवारी मी विहारात जाते. पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं बोलणार नाही या ठिकाणी, माझे ओठ हलतात, आवाज निघत नाही. शेजारी विशू ते स्पष्ट म्हणते.

दोन वर्षांपासून बाबांची स्मृती ओसरते आहे. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग कारखाना गेला, पंप गेले, सत्कार, पांढरा सदरा, जिलेबी, सगळं गेलं. आई गेली हे विसरून ते तिला हाका मारतात. गेल्या महिन्यात एका दुपारी त्यांचा हात धरून मी अखेर सांगितलं, “बाबा, विशूचा पट हुकला नव्हता. तिनं घातला होता. मी बॉल उचलला, म्हणून कार्ड गेलं.” त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. अगदी पहिल्यासारखे डोळे बारीक करून. म्हणाले, “हव का? मंग माह्या पोट्टीचा काही दोष नाही म्हणतं.” मी म्हटलं, काहीच नाही. ते हसले आणि माझ्या हातावर थोपटलं. मला वाटलं, संपलं, पाच वर्षांची धग विझली.

संध्याकाळी विशू घरी आली. चप्पल काढते न काढते तोच खाटेवरून आवाज आला, “काहून वं विशू, येवढासा तर होता!”

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. “छूट गया, बाबा,” म्हणाली आणि पाणी प्यायला आत गेली.

मी रोज दुपारी त्यांना सांगते. ते रोज हसतात, रोज थोपटतात, आणि दिवस कलला की ते पुसलं जातं. काळाने त्यांच्यापासून त्यांची बायको नेली, त्यांचा कारखाना नेला, लेकीची सात वर्षं नेली, आणि इतकं सगळं नेताना त्यांच्यापाशी नेमकी तीच एक गोष्ट राहू दिली, जी कधी घडलीच नव्हती.