मी मधल्या मापाची बंदूक

मित्रांनो, मी एक जुनी बंदूक आहे. हे ऐकून तुम्ही दोन पावले मागे सरकला असाल, तर बरेच केलेत. माझ्याशी तसेच वागावे. पण मी काही लढाईवरून परतलेली नाही आणि अस्वलाशी दोन हात करण्याची माझी ऐपतही नाही. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ खोऱ्यात गवताची कुरणे उकरून ठेवणाऱ्या लहान जनावरांसाठी मला घडवले. माझ्या काडतुसाचे नाव हॉर्नेट, म्हणजे गांधीलमाशी. माझा वकूब केवढा, ते नावातच आले.

कारखान्यात एका पोलादी दांड्याला आरपार भोक पाडले, आतून पीळदार खाचा कोरल्या आणि माझी नळी झाली. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बसवला. एका म्हाताऱ्या कारागिराने तो तेलाने घासघासून असा चमकवला, की मला स्वतःचाच हेवा वाटावा. तिथून मी क्लॅरेन्स होमनच्या दुकानात आले. दुकानात खिळे होते, दुधाच्या किटल्या होत्या, घोड्यांचे लगाम होते आणि मागच्या भिंतीवर आम्ही बंदुका होतो. माझ्या उजवीकडे हरणे मारणारी धिप्पाड बंदूक, डावीकडे खारी मारणारी बारकी. गिऱ्हाईक मला उचलून खांद्याला लावी, छान म्हणे आणि परत ठेवी. हरणासाठी मी लहान आणि खारीसाठी महाग. धड ना इकडची, धड ना तिकडची. शेजारणी एकेक करून विकल्या गेल्या आणि माझ्यावर धूळ साचली. मला फार वाईट वाटे.

एका वसंतात ल्युएला बब दुकानात आली. पन्नाशीची, विधवा, पायांत नवऱ्याचे जुने बूट. तिच्या मागून तिचा पुतण्या डीन आला.

"काकू, माझी बंदूक आहे ना घरात," डीन म्हणाला. "पुन्हा खर्च कशाला?"

"तुझ्या बंदुकीचं नावसुद्धा काढू नकोस," ल्युएला म्हणाली.

नाव न काढण्याचे कारण साऱ्या खोऱ्याला ठाऊक होते. ल्युएलाचे गवताचे रान एका टेकडीच्या उतारावर होते. तिथे ग्राउंडहॉग माजले होते. मांजराहून जाडजूड असे हे जनावर मोठमोठी बिळे खणते आणि गवत त्या बिळांना झाकून टाकते. टेकडीपलीकडे यॉस्ट कनागीचे घर. यॉस्ट जुन्या वळणाच्या आमिश पंथाचा, म्हणजे ट्रॅक्टर नाही, सगळी शेती घोड्यांवर. दर उन्हाळ्यात तो आपली जोडी आणून ल्युएलाचे गवत कापून द्यायचा आणि अर्धे गवत न्यायचा. गेल्या वर्षी त्याच्या बेस घोडीचा पाय बिळात गेला आणि मोडला. तिला तिथेच संपवावे लागले. ते पाहून डीन चवताळला. हरणांची बंदूक घेऊन रानात गेला आणि त्याने धडाधड गोळ्या झाडल्या. एक गोळी दगडावर आपटून उसळली, टेकडी ओलांडून गेली आणि यॉस्टच्या बायकोने, मालिंडाने, दोरीवर वाळत घातलेल्या चादरीतून आरपार झाली. चादरीच्या पलीकडे मालिंडा उशांचे अभ्रे टांगत होती.

यॉस्ट भांडायला आला नाही. त्याने फक्त निरोप धाडला, की यंदा माझे घोडे तुझ्या रानात येणार नाहीत. ल्युएलाची जमीन इतकी उभी, की तिथे ट्रॅक्टर उलटावा. गवत कापले नाही तर हिवाळ्यात गाईंना घालणार काय? गाई विकल्या, तर ल्युएला त्या घरात राहणार तरी कशाला?

"नवऱ्याची खारींची बारकी बंदूक होती, ती वापरून पाहिली," ती क्लॅरेन्सला म्हणाली. "लांबून मारलं. मेलं नाही ते. जखमी होऊन बिळात गेलं आणि आत कण्हत राहिलं. मला ऐकवेना. तसलं पुन्हा नको."

"मग ही घ्या, मिसेस बब." क्लॅरेन्सने मला खाली काढून माझ्यावरची धूळ बाहीने पुसली. "हिची गोळी हलकी, पण वेगाची. जनावर जागच्या जागी आडवं होतं. गोळीचं कवच पातळ असतं, जमिनीत बसली की तिथंच तिचा चुरा. आवाज म्हणाल तर कोणी रागानं दार आपटावं तेवढा."

"आणि दगडावर बसली तर?"

"बहुतेक वेळा तरी चुराच होतो."

"बहुतेक म्हणजे?"

क्लॅरेन्सने कान खाजवला. "बाई, पक्क्या भरवशाची गोळी पाहिजे असेल तर ती खिशातच ठेवावी लागते. आणि माती सोडून हवेत गेली, तर हीसुद्धा मैलभर जाते, ते मी लपवत नाही."

हे ऐकून ती मला परत ठेवणार, असे मला वाटले. पण त्या खरेपणावरच बहुधा ती भाळली. तिने मला घेतले.

यॉस्ट आणि ल्युएला लहानपणी गावच्या शाळेत एका बाकावर बसत. ती त्याच्याकडे गेली आणि म्हणाली, "ही बंदूक चालेल का, ते मला नको विचारूस, मालिंडाला नको विचारूस. घोडीला विचार. डॉलला कुंपणापाशी आणून उभी कर."

डॉल ही बेसची जोडीदारीण. बेस गेल्यापासून पान हलले तरी बुजायची. यॉस्ट तिला घेऊन आला. ल्युएलाने खाली बसून चढाच्या मातीत एक बार काढला. डॉलने कान टवकारले, आमच्याकडे पाहिले आणि पुन्हा चरू लागली.

"डॉलची हरकत दिसत नाही," यॉस्ट दाढी कुरवाळत म्हणाला. "पण ज्या बिळात बेस पडली, तिथला तो थोराड आहे ना, तो असेपर्यंत मी जोडी आणणार नाही. आणि मालिंडाला मी काही सांगू शकत नाही."

मालिंडाने स्वतःचा मार्ग काढला. माझा पहिला बार ऐकू आला, की ती दोरीवरचे ओले कपडे काढून घरात नेई. काम आटोपल्यावर ल्युएला बिळे पाहायला टेकडीच्या माथ्यावर जाई, तेव्हा पलीकडे रिकामी दोरी दिसे. मला ती दोरी फार लागे. मी काय केले होते?

त्या महिन्यात आम्ही रान पुष्कळ साफ केले. ल्युएला नेहमी उताराच्या पायथ्याशी पोटावर पडून नेम धरी, म्हणजे जनावराच्या मागे मातीचा चढ येई. नेम बसला, तरी तिला आनंद झालेला मी कधी पाहिला नाही. राहिला तो थोराड. मागच्या पायांवर उभा राहून प्रवचन दिल्यासारखा पुढचे पाय हलवायचा, म्हणून ल्युएला त्याला पाद्रीबुवा म्हणे. पाद्रीबुवा हुशार होते. आमची चाहूल लागली की एक लांब शीळ आणि सगळे गुडूप.

गवत कापणीला आले. आणखी आठवडाभर उभे राहिले असते, तर वाळून काडी झाली असती. त्या सकाळी पाद्रीबुवा दिसले. पण कुठे? अगदी माथ्यावर, आकाशाकडे पाठ करून. माझ्या पाठीवर बसवलेली दुर्बीण त्यांच्या छातीवर स्थिर होती. ल्युएलाचे बोट चापावर होते. मित्रांनो, खरे सांगते, नेम अचूक होता. तिच्या गाई, तिचे घर, तिचा हिवाळा, सारे त्या बोटाखाली होते आणि मला वाटत होते, ओढ, एकदाची ओढ.

तिने बोट काढले. मग माझ्यातले काडतूस काढून खिशात टाकले आणि गवतात कपाळ टेकून पडून राहिली. वरून शीळ आली. माथा रिकामा झाला.

"का गं, मारलं नाहीस?"

बाजूच्या कुंपणाशी यॉस्ट उभा होता. केव्हापासून, कोण जाणे.

"मागं आभाळ होतं," ल्युएला म्हणाली. "पलीकडचं दिसत नव्हतं मला."

यॉस्टने माथ्याकडे पाहिले. "पलीकडं मालिंडा असते या वेळी," तो म्हणाला. "बादली घेऊन."

दुसऱ्या दिवशी तो काठ्यांचा भारा आणि चिंध्या घेऊन आला. "बिळं दाखव," म्हणाला. "खुणा करू. त्या वगळून कापतो." पाद्रीबुवांच्या बिळावर त्याने सगळ्यांत उंच काठी रोवली आणि तिला लाल चिंधी बांधली. डॉल आणि नवी घोडी त्या काठीला वळसा घालून गेल्या. पाद्रीबुवा पुढे म्हातारे होऊन आपल्या मरणाने गेले.

पुढच्या वसंतात नवी बिळे झाली आणि पुन्हा माझे काम निघाले. बार झाला. नंतर ल्युएला माथ्यावर चढली. पलीकडे दोरीवर कपडे तसेच होते, वाऱ्यावर हलत. ती मला मांडीवर घेऊन तिथे बसली आणि पदराने डोळे पुसावेत तसे तिने एप्रनने पुसले.

माझी खूप वाहवा झाली, पण मला लक्षात राहिली ती ही सकाळ.

ल्युएला वारल्यावर मी डीनकडे आले. मायेने म्हणा की संकोचाने म्हणा, त्याने मला चामड्याच्या पिशवीत घालून तळघरात ठेवले. चामडे ओल धरते, हे त्याच्या लक्षात आले नाही. वर्षानुवर्षे मी अंधारात गंजत पडले. त्या कारागिराचा चमकदार दस्ता पांढुरका पडला.

हल्ली ते रान डीनची मुलगी कॉनी सांभाळते. परवा ती म्हणाली, "बाबा, बिळं फार झालीत. बंदूक घ्यायची आहे. कुठलं माप घेऊ? दुकानातला पोरगा म्हणतो, सगळ्यात वेगवान घ्या."

डीन आता म्हातारा झाला आहे. तो म्हणाला, "आधी टेकडीवर जा. पलीकडं काय दिसतं ते मला येऊन सांग."

ती गेली, आली. "काही नाही. यॉस्टच्या नातवाचं घर. कपडे वाळत घातलेत."

डीन जिन्याला धरून तळघरात उतरला आणि मला वर घेऊन आला. "ही काकूची वस्तू होती," एवढेच म्हणाला. कॉनीने तेलाचे फडके घेतले आणि माझ्या नळीवरचा गंज घासायला बसली.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू पिशवीत पडली असेल. तिला उजेडात आणा, पुसा, तेल लावा. आणि तुमच्या हातात कधी कुठले बळ आले, मग ते बंदुकीचे असो वा दुसरे कसले, तर आधी थोडे चढून जा आणि पलीकडे कोणी कपडे वाळत घालते आहे का, ते पाहा.