फायसनची गाठ

मी एक जुनी रबरी पट्टी आहे, मित्रांनो. झोम्बाच्या डोंगराखाली म्बेवे आजोबा सायकली दुरुस्त करतात. त्यांनी मला फाटक्या ट्यूबमधून कापलं आणि फायसनला दिलं. तो सायकलवरून कोळशाची पोती वाहायचा, कधी मागे माणसं बसवायचा. मी पोती आवळून धरायचे. "फायसनसारखी गाठ कुणाला जमत नाही," असं लोक म्हणत. मला अभिमान वाटे.

एका दुपारी चढावर त्याने मला पलीकडच्या गावातल्या बाईच्या गळ्याभोवती आवळलं. मग ओढ्यात धुतलं, वाळवलं, नीट गुंडाळलं. पुढे वर्षभर तो शांत होता. दुसरीच्या वेळीही सगळं अगदी तसंच. आमच्याकडे मयताच्या घरी शेजारीपाजारी सरपण नेतात. दोघींच्या घरी त्यानेच नेलं. मोळ्या मलाच आवळून बांधल्या.

तिसरीनंतर मात्र त्याची शांतता आठवडाभरही टिकेना. तो मला धुवायचा विसरू लागला.

सरपण वेचणारी एनेलेसी त्याच्याच वस्तीतली. वाटेत ती हसून म्हणाली, "काय रे फायसन, आज पोती नाहीत? दंडातला जोर संपला वाटतं."

त्याने मला सायकलवरून सोडलंसुद्धा नाही. दगड उचलला. ती निपचित पडल्यावरही तो थांबला नाही. मग सवयीने त्याच्या हातांनी तिची विखुरलेली लाकडं गोळा केली, मला आवळून मोळी बांधली, आणि मला तिथेच टाकून तो गेला.

लोकांनी प्रेताबरोबर मोळीही घरी आणली. एनेलेसीची धाकटी बहीण मालिता मामाला निरोप द्यायला निघाली. दारात फायसन होता.

"चालत कशाला जातेस, ताई? बस मागे."

परसात मोळी सोडताना म्बेवे आजोबांचा हात थांबला. "ही फायसनची गाठ."

"मग? प्रत्येक मयताला तोच तर बांधतो," पाणी भरणारी शेजारीण म्हणाली. "देवमाणूस आहे."

"पण ही मोळी आणली कुणी?"

"तिच्याजवळच पडली होती. अशीच, बांधलेली."

आजोबा दाराकडे धावले. रस्त्यावर धूळ होती, सायकल नव्हती.

मालिताचं प्रेत पुलाखाली सापडलं. फायसन शेजारीच बसला होता. तो पळाला नव्हता. हातही धुतले नव्हते.

आता मी पोलीस चौकीतल्या खिळ्यावर लटकते. अंगाला तडे गेलेत. मला जपा, असं मी म्हणणार नाही, मित्रांनो. मालिता सायकलवर बसत होती, तेव्हा आजोबांची बोटं माझ्यावरून फिरत होती. एवढंच मागते: कुणाच्या गाठीचं कौतुक कराल, तेव्हा ती कधी बांधली तेही विचारा. लगेच विचारा.